पहिली गाडी शेवंतीताईंची

मोरवा गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं लागली आणि शेवंतीताई एकदम थांबल्या. माझ्या खांद्याला धरून त्यांनी एका पायाच्या तळव्यात रुतलेला खडा काढला, पदराने तळवा पुसला आणि पुन्हा चालू लागल्या. नवरात्रातली अष्टमी होती. भाईंदरजवळच्या आमच्या राई गावाहून निघून आम्ही दोघी धारावी देवीला चाललो होतो. मी चपला घालून, त्या अनवाणी.

"कसला नवस फेडताय ते तरी सांगा," मी म्हटलं.

"फेडत न्हाय गो. बोलायचाय अजून."

"मग अनवाणी कशाला आत्तापासून?"

"आधी चालून घेते. एवढं चालून दारात आलेल्या बाईला देवी न्हाय कशी म्हनेल? मना तरी म्हनवलं असतं का?"

हे खरं होतं. शेवंतीताईंना नाही म्हणता येत नाही, हे राई गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या थापायला बोलावलं की त्या जातात, आणि एकाच दिवशी दोन घरांतून बोलावणं आलं तर दोन्हीकडे जातात. रघुभाऊंचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, एक लांबचा मामेभाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला होता, तो पावसाळाभर राहिला. दारात साडीवाला आला की सगळी गल्ली आत पळते, कारण तो शेवंतीताईंच्या ओटीवर बसणार आणि मग त्या सगळ्यांना हाका मारणार, हे ठरलेलं.

"आणि मागणं काय आहे देवीकडे?" मी विचारलं.

"माजा कॉम्प्युटर भाऊबीजेला मधेच बंद पडू नये."

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण चालायच्या थांबल्या नाहीत. समोरून डोंगरीची बस आली, तशा रस्त्याच्या कडेला झाल्या आणि बस जाईपर्यंत तिच्या चाकांकडे बघत राहिल्या. गाडी कुठलीही असो, त्या आधी चाकं बघतात.

याचं मूळ त्यांच्या वडिलांत आहे. वडिलांना सगळे दाजी म्हणायचे. आधी ते मिठागरात कामाला होते, मग मिठाचा ट्रक चालवू लागले. शेवंतीताई शाळेतून आल्या की दप्तर टाकून मिठागरावर जायच्या. ट्रकमध्ये मीठ भरायला वेळ लागायचा. तेवढा वेळ दाजी लेकीला ड्रायव्हरच्या जागी बसू द्यायचे. किल्ली मात्र दाजींच्या खिशात. शेवंतीताई स्टिअरिंग धरून तोंडाने गाडीचा आवाज करायच्या आणि नाशिकला जाऊन यायच्या. मीठ भरून झालं की दाजी म्हणायचे, "उतर आता, आलं नाशिक." मग ते खरे निघून जायचे.

"किती वर्सं चालवला मी तो ट्रक," शेवंतीताई मला म्हणाल्या, "पन कधी हलला न्हाय."

पुढे त्यांचा धाकटा भाऊ कोंडिराम तो ट्रक चालवायला शिकला. शेवंतीताईंचं लग्न झालं. रघुभाऊ भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. स्वभावाने गरीब माणूस. संसार झाला, दिव्या नावाची मुलगी शिकली, लग्न होऊन वसईला गेली, आणि तिने कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर घरात राहिला. देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर, वर क्रोशाचं झाकण घालून. एकदा माहेरी आलेली असताना दिव्याने त्यावर ट्रक चालवायचा गेम लावून दिला. आईला म्हणाली, "बघ, किल्ली पण तुझ्याच हातात आहे."

तो ट्रक हलला.

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की शेवंतीताई ट्रकवर बसतात. मी त्यांच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहते. त्यांच्या खिडकीतून इंजिनाचा आवाज आला की समजायचं, बाईंची भांडी आटपली. गेममधले रस्ते परदेशातले आहेत. गाड्या उजव्या बाजूने जातात, डोंगरावर बर्फ असतं. सुरुवातीला बरेच महिने त्या एकट्याच चालवत होत्या. मला सांगायच्या, "तिकडं मानसं कमी हायत गो. रस्ता कसा मोकला." नंतर केव्हातरी कॉम्प्युटर चालूच होईना, तेव्हा भाईंदरच्या भावेशभाईंना बोलावलं. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी मशीन सुरू केलं, गेम बघितला आणि कपाळाला हात लावला.

"शेवंतीबेन, ये गेम तो सब लोग साथ में खेलते हैं. आपका फायरवॉल सबको बाहर रोक के बैठा है."

फायरवॉल म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला तिथेच ओटीवर समजावलं. कॉम्प्युटरच्या दारावर एक राखणदार बसवलेला असतो. आतला कुठला प्रोग्राम इंटरनेटवर कुणाशी बोलायला निघाला, किंवा बाहेरून कुणी आत यायला लागलं, की तो अडवतो आणि पडद्यावर पाटी दाखवून मालकाला विचारतो, सोडू का? राखणदाराने गेमसाठी पहिल्यांदा विचारलं तेव्हा शेवंतीताई घाबरून उठून गेल्या होत्या आणि पाटी आपोआप निघून गेली. उत्तर मिळालं नाही म्हणून राखणदाराने दार लावून घेतलं. भावेशभाईंनी गेमपुरतं ते उघडलं, आणि शेवंतीताईंच्या मोकळ्या रस्त्यावर खरी माणसं चालवत असलेले ट्रक दिसायला लागले.

त्यातला एक सांगलीचा उदय. तो बँकेत आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि आपल्याकडच्या ट्रकवाल्यांचा एक गट त्याने जमवलाय. दर रविवारी तीसेक गाड्यांचा ताफा एकामागोमाग निघतो आणि बोलायच्या प्रोग्रामवर सगळे एकमेकांशी गप्पा मारत जातात. उदयने यांना पहिल्याच दिवशी आत्या म्हटलं, मग सगळ्यांच्याच त्या आत्या झाल्या.

पण मशीन म्हातारं. पुढे दहा-बारा ट्रक दिसले की ते सगळे रंगवता रंगवता कॉम्प्युटरला धाप लागायची. चित्र अडकायचं, आणि शेवंतीताईंची गाडी कठड्याला जाऊन थडकायची. दर रविवारी त्या मागे पडायच्या आणि ताफा पुढे निघून जायचा. कुणी काही म्हणत नसे, उलट थांबायचे बिचारे. तेच त्यांना लागायचं. "माज्यासाठी सगल्यांचा खोलंबा," म्हणायच्या.

मग उदयने डोकं चालवलं. "आत्या, भाऊबीजेला आपला वर्षाचा मोठा ताफा. तुम्ही पहिली गाडी चालवा. पुढे कुणी नसलं की तुमच्या मशीनला चित्रंच काढावी लागणार नाहीत. आरसे तेवढे बंद ठेवा, म्हणजे मागच्या गाड्यांचा पण भार नको."

पहिली गाडी म्हणजे मान. वळणं तिने सांगायची, वेग तिने धरायचा, थांबायचं कुठे ते तिने ठरवायचं. ती अडकली तर मागचे तीस एकमेकांवर आदळणार. शेवंतीताईंनी अर्थातच हो म्हटलं. आणि मग त्यांची झोप उडाली. म्हणून ही अनवाणी वारी.

देवळात त्यांनी ओटी भरली, डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. मीही हात जोडले. देवीला कॉम्प्युटरचं काय सांगायचं ते मला सुचेना. शेवटी म्हटलं, आई, हिची गाडी चालू राहू दे.

नवरात्र सरलं, दसरा गेला. भावेशभाईंनी दिवाळीआधी मशीन साफ करून दिलं. त्यांनी एक यादी पडद्यावर उघडून दाखवली. गेम चालू असताना मागे आणखी कोण कोण जागं असतं, ते त्यात दिसतं. विकून टाकलेल्या प्रिंटरचा एक प्रोग्राम अजून प्रिंटरची वाट बघत होता. दिव्याचा कॉलेजातला गप्पांचा प्रोग्राम रोज सकाळी उठून बसत होता. "ये सब बैठ के मेमरी खाते हैं," भावेशभाई म्हणाले. सुरू होतानाच उठणारी मंडळी त्यांनी बंद केली. बजावून सांगितलं की खेळायच्या आधी ही यादी बघायची, ओळखीचं नसेल ते विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, आणि राखणदाराने पाटी दाखवली तर वाचून मगच बटण दाबायचं. आणि ते दिवाळीसाठी गुजरातेत आपल्या गावी गेले. लाभपाचमेपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, दुकान बंद.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेवंतीताईंचं घर बघण्यासारखं असतं. ओटी शेणाने सारवतात अजून. पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, सगळं उघडं. प्रत्येक खोलीत दिवा. त्या दिवशी दारात येईल त्याला काहीतरी दिल्याशिवाय पाठवायचं नाही, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. कॉम्प्युटरच्या टेबलावरही पणती ठेवायची त्यांची इच्छा होती. रघुभाऊ म्हणाले, "आग लागंल." मग कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला एक प्रोग्राम त्यांनी कॉम्प्युटरवर घेतला. पडद्यावर पणत्या तेवत राहतात असा. छान होता दिसायला.

भाऊबीजेच्या आदल्या सकाळी, म्हणजे पाडव्याला, मी फराळाचं ताट घेऊन गेले तर शेवंतीताई खुर्चीत बसून होत्या. पडद्यावर पणत्या तेवत होत्या आणि बाकी काहीच हलत नव्हतं.

"काय झालं?"

"बघ ना. सकाली उंदीर हलवला तर बान दुपारला हलतोय."

"काल काय केलंत?"

"काय न्हाय. पनत्या लावल्या. तर त्यानं विचारलं, आनखी एक घेऊ का? मी म्हटलं घे. मंग राखनदार विचारायला लागला, याला सोडू? त्याला सोडू?"

"आणि तुम्ही सगळ्यांना हो म्हणालात?"

"लक्ष्मीपूजन होतं गो!" त्या कळवळून म्हणाल्या. "तिन्हीसांजेला दारात आलेल्याला न्हाय कसं म्हनायचं? मना वाटलं, पाडव्याला बघू."

आतून रघुभाऊ म्हणाले, "तरी मी सांगत व्हतो, खरी पनती परवडली."

"तुमी गप बसा. तुमच्या मामेभावाला मी काय बोलले का कधी?"



त्या दिवशी पहाटेच शेवंतीताईंनी घर झाडलं होतं. त्यांच्याकडे ती रीत आहे. पाडव्याला उजाडायच्या आत जुन्या केरसुणीने सगळ्या खोल्यांतला केर काढायचा, सुपावर काठी वाजवत तो गावाबाहेर नेऊन टाकायचा, मागे वळून बघायचं नाही. वर्षभराचं वाईट त्याबरोबर जातं. सूप अजून दाराशी टेकवलेलं होतं. शेवंतीताईंनी त्याच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे.

"हा केर ऱ्हायला काढायचा," त्या म्हणाल्या.

मी भावेशभाईंना फोन लावला. मागे फटाक्यांचे आवाज, पोरांचा कल्ला. शेवंतीताईंनी फोन हातात घेतला.

"भावेशभाई, साल मुबारक."

"साल मुबारक, शेवंतीबेन. बोलो, मशीन बैठ गया ना?"

"तुमाला कसं कललं?"

"नया साल का पहला फोन कस्टमर का आया, तो और क्या होगा?" ते हसले. "देखो, मैं लाभपाचम से पहले काम को हाथ नहीं लगाता. पर मुँह से बोल देता हूँ, मुँह का कोई मुहूरत नहीं."

त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. कॉम्प्युटरवर काय काय बसवलंय त्याची दुसरी एक यादी असते. ती तारखेप्रमाणे लावायची. लक्ष्मीपूजनाच्या तारखेला जे जे आलं असेल ते काढून टाकायचं. जुन्याला हात लावायचा नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं.

इंग्रजी मला जेमतेम वाचता येतं. आमची शाळा मराठी, पाचवीपासून एबीसीडी. पण तारीख वाचायला इंग्रजी कुठे लागतं? मी एकेक ओळ बोट ठेवून सांगत गेले, शेवंतीताई काढत गेल्या. कॉम्प्युटर झटपट करून देतो म्हणणारा एक निघाला. हवामान सांगणारा एक. सेलच्या जाहिराती दाखवणारा एक. एक तर दुसरा राखणदार होता, तो पहिल्याशी दाराशी उभं राहून भांडत होता, दोघे मिळून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासत होते. सगळ्यात शेवटी पणत्या. त्या काढताना शेवंतीताई थांबल्या.

"दिवा असा विझवायचा म्हंजे..."

"देव्हाऱ्यातला आहे ना तेवता," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. मशीन पुन्हा चालू झालं, बाण हलायला लागला, गेम उघडला. रघुभाऊंनी आतून विचारलं, "गेले का पावने?"

भाऊबीजेला सकाळी कोंडिराम आला. शेवंतीताईंनी त्याला ओवाळलं. एरवी तो जेवून लगेच निघतो, पण ताफ्याचं कळल्यावर खुर्ची ओढून बहिणीच्या मागेच बसला. आता त्याचे दोन टेम्पो आहेत, स्वतः चालवत नाही, पण मागे बसल्या बसल्या त्याचा पाय ब्रेक दाबत होता.

"अक्का, गियर उतरव."

"गाडी कोनाची?"

"तुझी."

"मंग फराल खा."

मी शेवंतीताईंच्या डाव्या हाताला स्टुलावर बसले. पडद्याच्या कोपऱ्यात गटातले लोक लिहितात, ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. गाडी चालवताना त्यांना ते जमत नाही. रघुभाऊ कोपऱ्यात मोबाइलवर कीर्तन बघत होते.

"तुमचं बंद करा. इंटरनेट वाटून जातंय."

"देवाचं हाय गो."

"देवाला माहीत हाय आज माजी गाडी हाय. बंद करा."

रघुभाऊंनी मोबाइल उशीखाली ठेवला, आणि आम्ही सगळे गाडी निघायची वाट बघत बसलो.

गेममधल्या एका बंदराच्या आवारात ताफा जमला. समुद्र होता, क्रेन होत्या. आरसे बंद होते, त्यामुळे मागे कोण आहे ते दिसत नव्हतं. शेवंतीताईंनी बोलायचा प्रोग्राम लावला. त्याच क्षणी पडद्यावर पाटी आली.

आता सांगते ते अगदी पापणी लवायच्या आत झालं. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांना हो म्हणून पस्तावलेल्या बाईने पाटी बघितली मात्र, आणि खाडकन् नाही दाबलं. नुसतं नाही नव्हे, खालच्या चौकोनात खूण करून. म्हणजे पुन्हा विचारूच नको. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला एवढं स्पष्ट नाही म्हटलं असेल, आणि ते चुकीच्या माणसाला.

"अक्का, काय दाबलंस?" कोंडिराम म्हणाला.

"केर काढला," त्या समाधानाने म्हणाल्या.

कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये चिडीचूप. त्यांनी हॅलो म्हटलं, पुन्हा म्हटलं. मग कोपऱ्यात ओळ आली. मी वाचली, "आत्या, आवाज येत नाही. आम्ही तयार. उदय."

तेव्हा आम्हाला कळलं की तो बिचारा बोलायचाच प्रोग्राम होता. पाडव्याच्या साफसफाईत राखणदार त्याची जुनी ओळख विसरला होता. शेवंतीताईंचा चेहरा उतरला. गेममधून बाहेर जाऊन राखणदाराची समजूत काढायची म्हणजे मशीन नक्की अडकणार, हे आतापर्यंत आम्हालाही समजत होतं. तोवर ताफा थांबणार किंवा दुसरी गाडी पुढे घेणार. पुन्हा ओळ आली. "आत्या, काय करू? मी पुढे घेऊ का?"

"काय सांगू?" मी विचारलं.

त्या पडद्याकडे बघत होत्या. हात कीबोर्डावर. तिथल्या चार बटणांवरची अक्षरं त्यांच्या बोटांनी केव्हाच पुसून गेली आहेत.

"तो पुढं घेईल," मी हळूच म्हटलं. "कुणी काही म्हणणार नाही."

"कोनी कधी काय म्हनतच न्हाय," शेवंतीताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लिही. चला."

मला टाइप करायची सवय नाही. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून मी लिहिलं, CHALA. आणि गाडी हलली.

पुढचा रस्ता मी बघितला असं म्हणवत नाही, कारण अर्धा वेळ मी मनात देवीचं नाव घेत होते. समोर कुणी नाही, मागचं दिसत नाही, कानात आवाज नाही. बाकीचे दोन्ही हातांनी गाडी चालवण्यात गुंतलेले, त्यामुळे कोपऱ्यातही काही येईना. मागे तीस गाड्या आहेत की आपण पुन्हा एकट्याच निघालोय, हे कळायला मार्गच नव्हता. वळण यायच्या बरंच आधी शेवंतीताई दिवा लावायच्या. वेग कमी करायचा असला की ब्रेक आधी तीनदा नुसता टेकवायच्या, मग खरा दाबायच्या.

कोंडिराम एकदम पुढे झुकला. "हे बाबांचं हाय."

"मंग कोनाचं असनार?"

"मला त्यांनी शिकवलं. तुला कधी शिकवलं?"

"माज्यासमोरूनच जायचे की बांधावरून," त्या म्हणाल्या. नजर रस्त्यावर. "लाल दिवा तीनदा व्हायचा. मी मोजायची."

कोंडिराम मागे टेकला. त्यानंतर तो काही शिकवायला गेला नाही. त्याचा पायही हलायचा थांबला.

घाट लागला. बर्फ पडायला लागलं, आणि चित्र एकदा अडखळलं. शेवंतीताईंनी श्वास धरला, मी धरला, रघुभाऊ तर उठून उभेच राहिले. जणू कॉम्प्युटरला मागून ढकलणार होते. चित्र पुन्हा चालू झालं. बोगदा आला, गेला. खाली गावातले दिवे दिसले. शेवंतीताईंनी तीनदा ब्रेक टेकवला, मोठ्या मैदानात नेऊन गाडी उभी केली आणि हात मांडीवर ठेवले.

"आलं का कोन मागं?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात काही नव्हतं.

"आरसा लाव की आता," कोंडिराम म्हणाला. "पोचलीस ना? आता अडकला तर अडकला."

त्यांनी एक बटण दाबलं. पडद्याच्या दोन्ही कडांना आरसे उमटले. चित्र अडकलंच, पण अडकायच्या आधी उमटलं होतं. दोन्ही आरशांत बर्फातून उतरत येणारी दिव्यांची रांग, घाटाच्या वरच्या वळणापर्यंत. शेवटचा दिवा दिसतच नव्हता.

शेवंतीताईंनी पदर तोंडाला लावला. रघुभाऊ जवळ आले, चष्मा वर करून आरशात बघत म्हणाले, "हे सगले तुज्या मागं?"

"नाशिक आलं, अक्का," कोंडिराम म्हणाला.

मशीन अडकलेलंच होतं, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. नवस भाऊबीजेला मधेच बंद पडू नये असा होता, शेवटी पडला तर तक्रार नाही. उदयने संध्याकाळी फोन केला. म्हणाला, वर्षभरात एवढा शिस्तीत ताफा कधी गेला नाही, वळणं सांगायला आवाज नव्हता म्हणून सगळे आत्यांच्या मागच्या दिव्याकडे बघत होते. पुढच्या दिवाळीलाही पहिली गाडी तुमचीच. शेवंतीताईंनी हो म्हटलं, हे सांगायला नको.

लाभपाचमेनंतर भावेशभाई आले, त्यांनी राखणदाराच्या नाकारलेल्यांच्या यादीतून बोलायच्या प्रोग्रामला बाहेर काढलं. "कल तक सबको हाँ, आज सबको ना," ते म्हणाले. "बीच में कुछ नहीं है क्या, शेवंतीबेन?" त्या हसून त्यांना चकल्या बांधून द्यायला उठल्या.

भावेशभाई गेल्यावर आम्ही दोघी ओटीवर बसलो. शेवंतीताई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होत्या, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ निवडत होत्या. मला वाटलं, परत कुणीतरी पाहुणा राहायला येतोय. पण त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"राजश्री, तुजी लक्ष्मीपूजनाची पूजा किती वाजता असते?"

"असते संध्याकाळी. का?"

"पुढच्या साली जरा लवकर आटपशील? आटप, आनि इकडं माज्याकडं ये. ट्रकला क्लीनर लागतोच, तू माज्या डाव्या हाताला बस. राखनदारानं पाटी दाखवली, की तू वाच. आत घेन्यासारखा असेल तर मना सांग, हो मी म्हनेन. पन बाहेर ठेवायचा असेल ना, तर त्या दिवशी माज्या हातून व्हायचं न्हाय. तेवढं न्हाय माज्या वतीनं तू म्हनशील का गो?"